भाऊजींच्या हातच्या बरगड्या

थोरले दीर स्वतःला पट्टीचे स्वयंपाकी समजत, आणि घरातल्या कुणीही त्यांचा हा गैरसमज कधी दूर केला नव्हता. धाकटीला त्यांचा मनापासून तिटकारा होता. पण त्याहून जास्त तिटकारा होता तो त्यांच्या ॲप्रनचा. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, एकही डाग नसलेला. डाग पडणार कुठून?

धाकटी म्हणजे त्या घरातली धाकटी सून. खालच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवत. ती मेणात दात बसवायची, हिरड्या घासून गुळगुळीत करायची आणि नकली दातांनाही थोडा वाकडेपणा ठेवायची, म्हणजे ते खरे वाटत. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. वरच्या मजल्यावर भाऊजी आणि थोरली. स्वयंपाकघर दोघींचं एकच, वरचं.

भाऊजी पाणीपुरवठा खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. खात्यात त्यांनी नेमकं काय केलं, हे त्यांनाही धड सांगता येत नसे. निवृत्तीनंतर महिन्यातून एका रविवारी ते चार माणसं जेवायला बोलवू लागले. ताटात ठरलेला पदार्थ एकच, बोकडाच्या मसालेदार बरगड्या. ‘माझ्या हातच्या.’

हातच्या म्हणजे कशा, ते धाकटी नऊ वर्षं पाहत होती. शनिवारी थोरली खाटकाकडे उभी राहून कोवळ्या बरगड्या निवडून आणायची. मग दोघी जावा बसून प्रत्येक फासळीच्या आतल्या बाजूचा चिवट पापुद्रा नखाने सोडवायच्या. धणे, मिरे, दालचिनी, शहाजिरं थोरली मंद आचेवर भाजायची आणि वासावरून थांबायची. आलं-लसूण, दही, तिखट. कच्च्या पपईचा कीस एक चमचा, तोही अर्धाच तास. मग झाकण ठेवून बरगड्या मऊ शिजवायच्या आणि रस पार आटवायचा. पाहुण्यांची घंटा वाजली की भाऊजी ॲप्रन बांधून तव्यापुढे उभे राहत, तुपात बरगड्या दोन-दोनदा उलटत आणि चिमटा हातात घेऊनच बाहेर येत.

“सगळा खेळ आचेचा आहे,” ते सांगत. “बायकांना तेवढा धीर नसतो.”

थोरली हसायची. पाहुणे गेल्यावर ती पातेल्याच्या तळाचा मसाला पोळीने पुसून खायची, आणि ते बघून धाकटीला तिचाही राग यायचा.

त्या खेपेला भाऊजींनी खात्यातल्या जुन्या साहेबांना बोलावलं होतं, सहकुटुंब. आणि शुक्रवारी सकाळी थोरलीच्या पोटात कळ उठली. दुपारपर्यंत अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंसुद्धा. संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात भाऊजी धाकटीला म्हणाले, “रविवारचं काय करायचं गं आता?”

“काय करायचं म्हणजे? फोन करून सांगा, ताई दवाखान्यात आहेत.”

“साहेबांना नाही म्हणायचं? शोभतं का ते? बाकी हिला इथे काय करायचंय, पडूनच तर राहायचंय. तू तयारी करून ठेव, पुढचं मी बघतो.”

धाकटीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. “मला चार कवळ्या द्यायच्यात सोमवारी. आणि तुमच्या हातची चव माझ्या हाताला कुठून येणार, भाऊजी?”

त्यात खोच आहे हे त्यांना कळलंच नाही. उलट ते खूश झाले.

शनिवारी त्यांनी स्वतः मटण आणलं. खाटकाने म्हाताऱ्या बोकडाचं गळ्यात मारलं होतं. संध्याकाळी दूध ठेवायला धाकटी वर गेली आणि तिने फ्रिज उघडला. पातेल्यात बरगड्या होत्या, पापुद्र्यासकट, आणि त्यांच्यावर अख्खी पपई सालीसह किसून थापलेली. चमच्याने मऊ होतं, तर अख्ख्या फळाने किती होईल, असा साधा हिशेब. रात्रभरात त्या मांसाचं काय होणार, हे तिला लख्ख दिसलं. धुऊन टाकलं असतं तर अजून सावरलं असतं. तिने दूध ठेवलं, दार लावलं आणि खाली येऊन दात घासत बसली, दुसऱ्यांचे. थोडं तरी वाईट वाटेल अशी तिची अपेक्षा होती. नाही वाटलं.

रविवारी साहेब आले, त्यांच्या बाई आल्या आणि साहेबांच्या ऐंशी पार केलेल्या मातोश्री आल्या. वाढायला कुणीतरी हवं म्हणून धाकटी वर गेली. तव्यावर बरगड्या नव्हत्याच. हाडं एकीकडे निघाली होती, मांस दुसरीकडे, आणि मधे करपलेल्या मसाल्याचा चिखल. भाऊजींच्या ॲप्रनवर आयुष्यातला पहिला डाग पडला होता आणि कपाळावर घाम. तरी चिमटा हातात होताच.

पानं वाढली. साहेबांनी एक घास घेतला आणि तो तोंडात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. त्यांच्या बाईंनी पाण्याचा पेला उचलला तो खाली ठेवलाच नाही. मातोश्रींनी मात्र तोंडातली कवळी काढून रुमालात गुंडाळली, चमचा मागितला आणि खायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

“सोळा वर्षांनी मटण खाल्लं मी,” त्या म्हणाल्या. “दातांशिवाय! काय हात आहे हो तुमचा!”

भाऊजींची मान क्षणात वर आली. “आई, मांस मऊ ठेवणं हे एक शास्त्र आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांना जमत नाही.”

धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. या माणसाला बुडवायला अख्खी पपई कमी पडली होती.

जाताना मातोश्री तिच्यापाशी थांबल्या. रुमालातली कवळी धाकटीने हातात घेऊन उलटसुलट पाहिली. इतकं भिकार काम तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. “मंगळवारी या,” ती म्हणाली. “बसवून देते नीट.”

मंगळवारी मातोश्री आल्या. साच्यासाठी तोंड उघडण्याआधी म्हणाल्या, “तुझे दीर नेहमी असंच रांधतात?”

“नाही. एरवी रांधतच नाहीत.”

म्हातारी खो-खो हसली. “माझं ठीक आहे गं, मला खिमटच गोड लागतं. पण माझ्या लेकाने पुढचं आमंत्रण आलं तर बाहेरगावी जायचं ठरवलंय.”

बुधवारी थोरली घरी आली. भाऊजींनी पलंगाशेजारी खुर्ची ओढून सगळी हकिगत रंगवून सांगितली. मातोश्री दोनदा वाढून घेतात म्हणजे काय! थोरलीने शांतपणे विचारलं, “पपई किती वेळ लावली होती?”

“रात्रभर. अख्खी.”

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने छताकडे. मग थोरलीला हसू फुटलं. ती दोन्ही हातांनी टाके दाबून “अगं आई गं, नको, नको” म्हणत हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाऊजींना वाटलं तिला कौतुकाने भरून आलं. त्यांनी तिला पाणी दिलं.

डॉक्टरांनी तिला सहा आठवडे वाकू नका, उचलू नका असं सांगितलं होतं. सहा आठवडे संपले तरी बरगड्यांच्या रविवारी थोरलीचे टाके ओढायचेच. “तुमचंच शास्त्र ते,” ती म्हणायची, “मी मधे कशाला?” भाऊजींनी अजून दोनदा माणसं बोलावली. पहिल्यांदा तिघे आले, दुसऱ्यांदा एक, तोही पोट बिघडलंय म्हणून ताक पिऊन गेला. लोकांना हल्ली खाण्यातलं काही कळत नाही, असं भाऊजींचं मत झालं आणि त्यांनी ॲप्रन धुवायला टाकला.

मग एका गुरुवारी, ते पेन्शनरांच्या बैठकीला गेल्यावर, थोरली स्वतः खाटकाकडे जाऊन आठ कोवळ्या बरगड्या घेऊन आली. दोघींनी पापुद्रे काढले. मसाला भाजताना थोरली वासावरून थांबली. तुपात कडा कुरकुरीत झाल्यावर ती पहिल्यांदा ताट मांडून, पाटावर ऐसपैस बसली आणि हाड दोन्ही हातांत धरून खाऊ लागली.

“त्यांना ठेवायच्या का दोन?” धाकटीने विचारलं.

थोरलीने हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं आणि विचार केला. “खाणंसुद्धा सगळ्यांना जमत नाही गं,” ती म्हणाली आणि पुढची बरगडी उचलली.