मार्चमध्ये चाललेलं मशीन

पाऊचचं तोंड चिकटवणारा हीटर गरम होत नव्हता आणि सेठजींचे सीए मोबाइल हातात धरून माझ्या डोक्यावर उभे होते.

"पाऊच केव्हा निघते? मले व्हिडिओ पाहिजे."

मी पॅकिंग मशीनचं कमिशनिंग करतो. म्हणजे नवं मशीन गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये बसवायचं, चालवून दाखवायचं, सही घेऊन निघायचं. मार्चमध्ये आम्हाला जेवायला फुरसत नसते. कारण घसारा. नवं मशीन मार्च संपायच्या आत एकदा चाललं, की त्याच्या किमतीचा काही भाग त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. नफा कमी दिसतो, टॅक्स कमी बसतो. पुढे ते चालतं की नाही, हे बघायला कोणी येत नाही.

हा कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीतला, शेव-चिवड्याचा. मालक मदनसेठ धरमपेठेत राहतात, बोलायला मोकळेढाकळे. शेडच्या दुसऱ्या टोकाला बाया हाताने पाऊच भरत होत्या. ट्रायलचा चिवडा त्यांच्यातल्या सुमनबाईने मशीनमध्ये ओतला आणि ती तिथेच थांबली.

"सेठजी, हे चालू झालं का आमाले काम राहीन का? घरी कमावणारी मी एकटी. पोरगी बारावीले हाय, तिले कॉलेजात टाकाचं हाय."

"पाहू ना बाई. आधी मशीन तं चालू दे."

हीटर तापला, पाऊच पडू लागले. सीए व्हिडिओ घेऊन गेले. सेठजींनी चहा मागवला. ऑफिसच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, सदर भागातल्या एका हॉटेलात उद्योजकांपुढे भाषण करतानाचा. ते भाषण मी ऐकलं होतं. आमचा टॅक्स कमी करा, आम्ही लोकांना काम देतो, असा एकूण सूर.

मी विचारलं, "सेठजी, मागे कंपन्यांचा टॅक्स कमी झाला, तेव्हा किती माणसं घेतली?"

"एक बी नाही. माणूस ऑर्डर पाहून ठेवतात गा. टॅक्स वाचला म्हणून कोणी माणूस ठेवते का?"

"मग भाषणात काहून सांगितलं?"

"भाषणात काय, ऑर्डर नाही म्हणून रडू?"

माणूस खोटं बोलत नव्हता. निदान चहा पिताना तरी नाही.

एप्रिल लागताच त्यांनी बायांना घरी बसवलं.

दिवाळी झाल्यावर आमच्या कंपनीत तक्रार आली, मशीन सुरू होत नाही. गेलो. मशीनवर ताडपत्री होती. आतल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, रोलर गंजून जाम झालेले. मोठी ऑर्डर आलीच नव्हती, आणि किरकोळ मालासाठी मशीनवर पाऊचच्या प्लास्टिकचे रोल बदलत बसणं परवडत नव्हतं.

शेडच्या टोकाला बाया खाली बसून पाऊच भरत होत्या. त्यांत सुमनबाई.

"परत घेतलं का?"

"सेठनं नाही घेतलं, ठेकेदारानं आणलं. रोजी कमी झाली, पीएफ बी नाही."

"आणि मुलगी?"

"पास झाली ना. चांगले मार्क भेटले." तिने मानेने बाजूला दाखवलं. "ते काय, बसली."

मुलगी खाली मान घालून चिवडा तोलत होती. तिने वर पाहिलं नाही. बरं झालं.

सेठजी सही करायला आले.

"तुमी मले विचारून राहिले होते ना, माणसं किती घेतली म्हणून? पाहा, पहिल्यापेक्षा एक जास्तच हाय आता."

ते थट्टा करत नव्हते. मला असा संताप आला की पेन टेबलावर आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. गिऱ्हाइकासमोर पेन आपटणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामावर बोलावत नाहीत, आणि माझ्याही घरी कमावणारा मीच आहे.

रिपोर्टमध्ये बिघाडाचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, मशीन चांगलं आहे, काम नसल्याने खराब झालं. सेठजींनी न वाचता सही केली.