ओच्यातले फ्यूज

आमच्या जिनिंगमधला वायरमन दोन मोठ्या खटक्यांना जावा म्हणायचा. एक गावच्या विजेचा, दुसरा इंजिनाचा. कापूस निवडणाऱ्या आम्हा बायकांना सांगायचा, "दोघी गप, बराबर. एक बोलली, तरी बराबर. दोघी एकदम बोलल्या की मंग घर पेटलंच!"

काल तार जोडायला शिडीवर चढताना त्यानं दोन्हींचे फ्यूज माझ्या ओच्यात टाकले. "ताई, मी उतरल्याबिगर कुणाला देऊ नका."

काम थांबलं म्हणून मुकादम धावत आला. "इंजिनाचा दे जल्दी! एक बोलली तर बराबर ना?"

मी कुणापुढं बोलत नाही. काल केवढ्यानं ओरडले! "न्हाई! माणूस तारेवर हाय. दोघी गपच राहतील!"

मी वर पाहिलं. उघडी तार हातात धरून तो गुणगुणत होता. त्यानं खाली वळूनसुद्धा पाहिलं नाही.