डॉक्टर शशिधरांचं अळू

डॉक्टर शशिधर कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात आयुष्यभर भूल देत होते. रिटायर झाले आणि कन्झर्व्हेटरीत अळू लावून बसले. मातीत नाही हं. मातीत काय, कोणीही लावतं. प्लास्टिकच्या टाकीत खताचं पाणी, त्यात लोंबणारी मुळं, वर पानं. रोज सकाळी चहाआधी काकांचा राउंड. पाण्यात पीएच मीटर बुडवायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा, जणू प्रमोदिनीकाकू म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरच.

"पाच पॉइंट एक. काल सहावर आणून ठेवला होता. रात्रीत खालावतो गं पेशंट."

"अहो, पानं पिवळी पडलीयेत."

"पानांकडे बघू नकोस. आकडा बघ."

मग पीएच चढवायचं औषध, थेंब थेंब. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली, पुन्हा थेंब. घाई होती, कारण तिथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये काका सगळ्यांसमोर बोलून बसले होते: "यंदा गौरीच्या जेवणाचं अळू माझं. बाहेरून एक पान आणायचं नाही."

एका सकाळी काका लवकर खाली आले, तर काकू टाकीत पातेलं रिकामं करत होत्या.

"हे काय?"

"तांदळाचं धुवण. आमच्या आईची झाडं यावरच वाढली."

"रोज ओततेस?"

"मग? नुसत्या औषधावर जगतं का कोणी?"

धुवण टाकीत आंबत होतं आणि काका त्या आंबटपणावर उपचार करत होते. त्यांनी टाकी उपसली, धुतली, नवं पाणी बनवलं. मीटर सहावर गेला आणि तिथंच राहिला. मुळं मात्र कुजून शेवाळासारखी बुळबुळीत झाली होती.

"आकडा नॉर्मल आहे," काका म्हणाले.

"हो. पेशंट गेला," काकू म्हणाल्या.

गौरीच्या आदल्या दिवशी काका कुणाला न सांगता लेस्टरला गेले, अळूच्या जुड्या आणल्या, दोरे सोडले आणि पानं मंडळाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या कस्तुरीच्या हवाली केली.

"काका, काय पानं आलीयेत!"

"पाण्याचा बॅलन्स. आणि ऐक, चिंच नावाला घाल. माझ्या पाण्यावरचं अळू खाजत नाही."

कस्तुरी भाबडी. डॉक्टरांचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पंगत बसली. पहिल्या भुरक्याला वाहवा झाली, तिसऱ्याला खाकरणं. मग सगळी पंगत घसे खाजवत ताक मागू लागली.

"काका, तुम्ही तर म्हणालात खाजत नाही," कस्तुरी रडवेली होऊन म्हणाली.

"पाण्यातच काहीतरी बिघडलं असणार," कोणीतरी खोकत म्हणालं.

काका ताडकन उठले.

"पाण्याला नाव ठेवायचं नाही. ती पानं माझी नव्हतीच. लेस्टरहून विकत आणली होती."

"म्हणजे काका, तुम्ही खोटं बोललात?"

"मी बोललो," काका ताठ मानेनं म्हणाले. "मीटर नाही."

काकूंनी त्यांच्या वाटीत आणखी एक डाव अळू वाढलं आणि ताकाचं भांडं घेऊन पुढे गेल्या.