न पुसलेला थेंब

शहागंज, गुलमंडी आणि जुन्या शहरातल्या सगळ्या गल्ल्या मी भाता घेऊन फिरलोय. कल्हई हा माझा धंदा. शाळेत फार टिकलो नाय, पण हात असा चालायचा की तापल्या भांड्याला कथील टेकलं न टेकलं तोवर भांडं आतून चांदीसारखं. लोक चालता चालता थांबून बघायचे. आता घरोघर स्टील आलं. राहिले ते नान-खलियाचं मटण शिजवणारे आचारी. त्यांच्या तांब्याच्या देगा, ती रश्शाची मोठी भांडी, अजून माझ्याकडंच येतात. दुसऱ्याच्या हातची कल्हई त्यांना चालत नाय, आणि मी ती चालू देत नाय.

माझी नात आठवीला आहे. एका सकाळी मी अंगणात देग घासत होतो आणि ती पायरीवर बसून मोठ्यानं वाचत होती, घन पदार्थातले कण जागच्या जागी थरथरत असतात.

"तांबं थरथरतं?" मी म्हणालो. "जन्म गेला माझा तांब्यात. गपगार असतं ते."

"मंग आबा, भट्टीवरून उतरवलेली देग गार होताना टिकटिक का वाजती?"

"अंग आखडतं तिचं."

"तेच तर. तापल्यावर कण जोरात हलतात, त्यांना जागा जास्त लागती. गार झाले की पुन्हा जवळ सरकतात."

ती टिकटिक मी किती वर्षं ऐकतोय. त्यात हे असंल, असं कधी मनात आलं नाय. "असंल," मी म्हणालो. एवढं मी सहसा कुणाला म्हणत नाय.

मग तिनं मला नीट समजावलं. घनातले कण म्हणजे पंगतीत बसलेली माणसं. मांडीला मांडी लावून बसलेली, चुळबूळ करणारी, पण पान सोडून न उठणारी. द्रवातले कण म्हणजे सणाच्या आधीचा शहागंजचा बाजार. अंगाला अंग घासतं, पण प्रत्येकजण सरकत असतो. आणि वायू म्हणजे सुटीची घंटा झालेली शाळा. जो तो मोकळ्या जागेत पळत सुटलेला. पोरीचं बोलणं ऐकून मी घासायचंच विसरलो.

"आबा, या तिन्ही गोष्टी तुमच्या एकाच पातेल्यात होतात," ती म्हणाली. "शाळेच्या प्रदर्शनात येता का?"

तिच्या शाळेतून एकच प्रयोग जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार होता. तिला जायचं होतं. गेल्या खेपेला तिचा थर्माकोलचा देखावा परीक्षकांनी उभ्या उभ्या बघितला आणि पुढं गेले. ती दोन घास कमी जेवली होती, तेवढं मला हो म्हणायला पुरेसं होतं.

घरी तालीम केली. तापल्या पितळेवर मी भांडं साफ करणाऱ्या नवसागराची चिमूट टाकली, पांढरा लोट उठला. "हा तुझा वायू," मी ऐटीत म्हणालो.

"नाय आबा. वायू दिसत नाय. नवसागर तापला की त्याचे वायू होतात, वर गार हवेत ते पुन्हा एक होतात आणि बारीक कण बनतात. पांढरं दिसतं ते तेच. खाली बघा, पितळेला लागून."

मी डोकं खाली घातलं. भांड्याच्या तळाच्या जरा वर लोट सुरू होत होता. मधे रिकामं. डोळे चुरचुरले, पण मी बघत राहिलो. याच धुरात माझे केस पांढरे झाले, आणि ही मधली जागा मला या पोरीनं दाखवली.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या मैदानात कडेला भट्टी लावली. सोबत दोन पातेली होती. गर्दीत माझं एक गिऱ्हाईक, नान-खलिया करणारे चाचा, नातवाला घेऊन उभे होते. परीक्षक आले. मी नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाचा बोळा मारला. पातेलं लखलखलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"छान," परीक्षक सर म्हणाले. "पण द्रव कुठं दिसला?"

नातीचा चेहरा उतरला. द्रव माझ्या बोळ्याखाली गेला होता. डोळा लवायच्या आत पुसणं, याच्यासाठी तर मी नावाजलेला. सरांची नजर पुढच्या टेबलाकडं वळली.

"सर, एकदा अजून," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी, "आबा, या वेळी पुसू नका."

"डाग बसंल."

"बसू द्या."

"चाचा उभेत तिथं. देगा जातील दुसरीकडं."

तिनं दुसरं पातेलं माझ्यापुढं सरकवलं. मी ते भट्टीवर ठेवलं.

कथील टेकवलं आणि हात मागं घेतला. बोळा मुठीत आवळून धरला, नायतर तो आपोआप गेला असता. कथलाचा थेंब सुटला आणि पातेलं कलतं केलं तसा तळावर इकडून तिकडं पळायला लागला. सर गुडघ्यावर बसले.

"क्या उस्ताद," चाचा मागून म्हणाले, "हात थकला का?"

मी मान वर केली नाय. नात बोलत होती. कण कसे सुटले, एकमेकांना न सोडता कसे घसरतायत, सगळं. मी पातेलं खाली उतरवलं. थेंब मंद झाला, थांबला, त्याच्यावर साय धरल्यासारखं झालं आणि तो तिथंच गोठला. "आता पुन्हा पंगतीत बसले," ती म्हणाली. सर हसले, आणि त्यांनी तिला आणखी प्रश्न विचारले. एकाही उत्तरासाठी तिनं माझ्याकडं बघितलं नाय.

तिची निवड झाली. चाचांनी पुढच्या आठवड्यात देग पाठवली, वर निरोप, "उस्ताद, मेरी देग में वो टिपका नको." मी त्यांची देग अशी केली की तोंड बघून घ्यावं.

डागाचं पातेलं सुनंनं फडताळात ठेवलंय. जिल्ह्याचं प्रदर्शन जवळ आलं. रोज सकाळी मी एक जुनी वाटी तापवतो, कथील लावतो आणि हात मागं घ्यायची सवय करतो. बोळा अजून आपोआप पुढं जातो. मग पायरीवरून आवाज येतो, "आबा, परत."