देवघरातल्या दिव्याचं वायरिंग

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळत आलो. यशवंत गेला तेव्हाही टाळलीच असती. पण महाळुंगे पडवळला त्याच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, आणि तिथं आमच्या गावचे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. माणूस चांगला, मनात वाईट काही नाही. म्हणाले, "मोटार भरावी तर यशवंतभाऊंनीच. आमची जळालेली मोटार त्यांनी भरली ती अजून पाणी वढतीय. आता घरातल्या वायरिंगचं तेवढं त्यांना जमलं न्हाई, ते सोडा..." मांडवात थोडं हसू उमटलं. जुन्या लोकांना संदर्भ माहीत होता. मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. नंतर माईक माझ्याकडे आला. मीही त्याच्या मोटारींबद्दलच बोललो आणि खाली बसलो. म्हणून आता लिहितो. आमच्या देवघरातलं ते वायरिंग यशवंतनं केलेलं नव्हतं. मी केलं होतं.

यशवंत आणि मी जुन्नरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. त्याचं घर बौद्ध वस्तीत, आमचं देवळापाशी. शाळेत आणि नदीवर हे अंतर आम्हाला कधी दिसलं नाही, गावात पाऊल ठेवलं की दिसायचं. पुढे त्यानं वायरमनचा कोर्स केला. आमचं नवं घर उभं राहत होतं, तेव्हा मीच वडिलांच्या मागं लागून ते काम त्याला मिळवून दिलं. अख्ख्या घराचं त्याचं ते पहिलंच काम होतं, आणि ते बघून गावातली आणखी कामं येणार होती. तो स्टुलावर आणि मी खाली पक्कड घेऊन, असे आमचे ते दिवस होते. तोंडानं तो फटकळ. "वर तोंड करून बघू नको बाळ्या, डोळ्यात चुना जाईल आन् मग म्हणशील यशानं आंधळा केला."

काम माजघरापर्यंत आलं तेव्हा आईनं मला बाजूला घेतलं. "देवघरात त्याला नको नेऊ. तेवढं तू कर." मी बरं म्हणालो, एका शब्दानंही वाद घातला नाही. बाहेर येऊन यशवंतला सांगितलं, "आईची पूजा चाललीय. एका दिव्याचं काय, मी करतो." पूजा सकाळीच झाली होती आणि ते त्याला माहीत होतं. त्यानं दोन तारांची टोकं उंबऱ्याशी गुंडाळून ठेवली. "लाल बटणातून ने, काळी सरळ वर. उलटं केलंस तरी दिवा लागंल, पण बटण बंद केल्यावरबी वर करंट ऱ्हाईल." मग हत्यारं भरून निघून गेला. मी पाटावर चढून छताला होल्डर बसवला, तारा जोडल्या, बटण दाबलं. दिवा लागला. दिवा लागला म्हणजे काम बरोबर झालं, असं मी धरून चाललो.

दसऱ्याच्या आधी घर आवरताना आईनं बटण बंद केलं, बल्ब काढला आणि ओल्या फडक्यानं होल्डर पुसायला गेली. वर माळा असल्यानं देवघराचं छत बसकं, पाटावर उभं राहिलं की हात पोचतो. झटका बसून ती खाली पडली. मनगट मोडलं, जीव वाचला. संध्याकाळपर्यंत गावात झालं, यशवंतच्या वायरिंगनं म्हातारी मरता मरता वाचली.

तो आपणहून आला, खिशात टेस्टर घेऊन. अंगण माणसांनी भरलेलं. माझे चुलते, तात्या, पुढे झाले. "काय रं, माणसं मारायला वायरिंग करतो व्हय?"

"आधी बघू तर द्या, तात्या." तो देवघराकडे निघाला.

तात्या आडवे आले. "तिथंच थांब. आत जायचं काम नाय."

यशवंत थांबला. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. "बरोबर हाय, तात्या. माझा हात लई लांब. उंबऱ्याभायेरनंच छताला पोचतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्या खवळले, "वर उलटं बोलतो!" ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. पण कळलं असं कुणी म्हणणार नव्हतं, जोवर मी एक वाक्य बोलत नव्हतो. तो आत आलाच नव्हता, दिवा मी लावलाय. हे बोललो असतो तर तो आत का आला नव्हता तेही सांगावं लागलं असतं, आणि आई तर हात गळ्यात बांधून पडलेली... हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं दिलं. खरं म्हणजे मला तात्यांची भीती वाटली, आणि दोष त्याच्यावर गेला ते माझ्या सोयीचं होतं.

कबूल झालेली कामं हातची गेली. तो मंचरला पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणाऱ्या एका दुकानात लागला, पुढे स्वतःचं दुकान टाकलं, सासुरवाडीला महाळुंग्यात घर बांधलं. त्याच्या आयुष्याची माती झाली असं मी लिहिणार नाही. तोच हसला असता. पण आमच्या गावात त्यानं पुन्हा कुणाच्या घरातली तार जोडली नाही, आणि त्याला घरांचं काम फार आवडायचं. कुणाकडेही गेला तरी आधी छताकडे बघायचा. मी माझी मोटार त्याच्याकडेच भरायला न्यायचो. "पावणं आले, च्या सांगा," म्हणायचा. बाळ्या म्हणणं त्यानं कधी सोडलं, ते मला कळलंही नाही.

गेल्या वर्षी देवघरातला दिवा बदलायचा निघाला. आई जाऊन खूप काळ झाला होता. गावात आता वायरमन पुष्कळ आहेत, पण मी यशवंतला फोन केला. मुलाच्या मोटारसायकलवर बसून तो आला, गुडघे धरत उतरला. मी देवघरात खुर्ची टाकली आणि आत ये म्हणालो. तो उंबऱ्याशी थांबला.

"आत? मग चुकलं तर खरंच माझ्यावर येईल की राव," म्हणाला, आणि आत आला.

मेन स्विच पाडून मी पाटावर चढलो. जुना होल्डर खोलला, त्यामागची लाकडी फळी उतरवली. त्यानं खालून तारा बघितल्या, मग बटणाची पेटी उघडून बघितली.

"लाल तर बटणातूनच आलीय. कुणी सरळ केली?"

"मीच."

"कवा?"

"आई पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यानं पेटीचं झाकण परत लावलं. "म्हंजे तुला ठावं व्हतं," म्हणाला.

मी समजत होतो, त्याला सगळं आधीपासून माहीत आहे. नेमकं हेच माहीत नव्हतं. चूक कुठं झाली ते मला कळलंच नसेल, म्हणून मी गप्प राहिलो, असं तो इतकी वर्षं धरून होता.

मग त्यानं कामाचं बोलणं सुरू केलं. तारेचं तोंड नीट सोल, पीळ घट्ट दे, तांबं उघडं ठेवू नको, तारा वर सारून मग दिव्याच्या क्लिपा दाब. तो सांगत होता तसं मी करत गेलो. मेन चढवल्यावर गोल, पांढरा उजेड पडला. सुनेनं चहा आणला. चहा पिताना दोघंही पिकापाण्याचं बोललो.

फाटकापाशी तो मुलाच्या मागं गाडीवर बसला. गाडी सुरू झाली तेव्हा मी म्हणालो, "यशा, त्या वेळचं..."

त्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी बंद कर."

गाडी बंद झाली. तो माझ्याकडे बघत थांबला. त्याला घाई नव्हती. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"गुडघ्याला शेक घेत जा," मी म्हणालो.

"घेतो."

त्यानं पुन्हा मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. मग मुलाला म्हणाला, "चल."