खालून वर जाणारा बाण

माझ्या थोरल्या मुलीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. चहाचं आधण ठेवायच्या आधी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून आदल्या दिवशीची चित्रं तपासायला बसे. चित्रं म्हणजे चौकोन आणि बाण. त्या वेळी घरात दोनच आवाज असत. एक तिच्या माऊसचा आणि दुसरा आतल्या खोलीत कुशीवर वळताना तिच्या आईच्या कण्हण्याचा. आईच्या खुब्याचा सांधा झिजून गेला होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. कित्येक महिने ती खाली उतरलीच नव्हती. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला होता, तारीखही दिली होती. माझ्या पेन्शनमध्ये औषधं बसतात, सांधा बसत नाही. मुलीचं पुढचं कंत्राट झालं तर ऑपरेशन, नाहीतर नाही, असा सरळ मामला होता.

मी आयुष्यभर कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहून काम केलं. बसल्या कामाचं मला फारसं कौतुक नाही, म्हणून हिचं काम मी नीट विचारून घेतलं. सैन्याला नवी यंत्रणा उभी करायची असते. रेडिओ, गाड्या, ड्रोन, माणसं, सगळं एकमेकांशी जुळून चालायला हवं. विकत घेण्याआधी ते कागदावर मांडावं लागतं. कोण काय करणार, कोणाला काय कळायला हवं, काय बंद पडलं तर काय अडणार. हे मांडायचे नियम ठरलेले असतात. त्याला आर्किटेक्चर फ्रेमवर्क म्हणतात. ती आपली चौकट म्हणते. ही चौकट ती सैन्यातल्या अधिकाऱ्यांना शिकवते. दर दोन वाक्यांनी "चौकटीत काय लिहिलंय ते बघा" म्हणते, म्हणून वर्गाने तिचं नाव चौकटबाई पाडलं. तिच्या आईला ते फार आवडलं. घरातही तेच चालू झालं.

शेजारी मला विचारतात, "मुलगी आर्किटेक्ट ना तुमची? आमच्या बाल्कनीचं जरा बघायला सांगा." पूर्वी मी समजावून सांगत असे. आता "सांगतो" म्हणतो आणि जिना चढायला लागतो.

काम बसून करायचं नाही, हेही मला नंतर कळलं. दिवसभर ती फळ्यापाशी उभी असते. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे जेवतात आणि ही चुकलेल्यांना शेजारी बसवून चित्र दुरुस्त करायला लावते. स्वतः दुरुस्त करून देत नाही. आमच्या मशीन शॉपमधले उस्तादही असेच होते, आणि आम्ही त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचो.

त्या खेपेच्या वर्गात एक मेजर होते. वयाने आणि हुद्द्याने सगळ्यांत मोठे. कोर्सच्या शेवटी वर्गाने मिळून केलेलं चित्र एका समितीपुढे जाणार होतं, त्यावर शिकवणाऱ्याची सही लागणार होती. सोबत मेजर शिकवणीबद्दल आपला अभिप्राय देणार होते. चित्र आणि अभिप्राय बघून कंत्राट ठरणार.

एका संध्याकाळी ती आली आणि पिशवी खुर्चीवर आदळली.

"आज काय केलं त्यांनी?" आईने आतून विचारलं. टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा तिला या वर्गाच्या भानगडींत जास्त रस.

"बाण काढले."

"मग? तेच शिकवतेस ना तू?"

"सगळे वरून खाली, आई. खालून वर एक नाही."

समितीपुढे जायच्या त्या चित्राचा विषय साधा होता. गाड्यांचा ताफा नदी ओलांडणार आहे, पुढे गेलेल्या टेहळ्याला पूल तुटलेला दिसतो. कोणती माहिती कोणाकडून कोणाकडे जाते, ते दाखवा. मेजरांनी चौकोन हुद्द्याप्रमाणे एकाखाली एक मांडले आणि बाण वरून खाली सोडले. टेहळ्या सगळ्यांत तळाला. त्याच्याकडे वरून सहा बाण येत होते, त्याच्याकडून एकही कुठे जात नव्हता.

"मी म्हटलं, साहेब, हे हुकमाचे बाण नाहीत, माहितीचे आहेत. तर म्हणतात, मॅडम, आमच्यात बाण वरूनच येतो. मी विचारलं, मग पूल तुटल्याचं वर कसं कळणार? म्हणाले, तो कळवेल ना. मी म्हटलं, मग कळवण्याचा बाण काढा. तर म्हणाले, कळवणं हे काही सांगणं नव्हे."

"खरंच आहे," आई म्हणाली. "मी तुझ्या बाबांना सांगते. ते मला कळवतात."

मुलीला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. खालून वर जाणारा बाण काढला, पण तुटक रेघेचा. तेवढंच नम्र दिसतं म्हणे. आता या चौकटीत तुटक रेघेला ठरलेला अर्थ आहे. ही सोय अजून अस्तित्वात नाही, पुढे कधीतरी होईल, असा. म्हणजे अख्ख्या वर्गाने, अदब राखण्यासाठी, चित्रात लिहून दिलं की खालची बातमी वर पोचायची सोय सध्या नाही. कॉम्प्युटरने काही चूक दाखवली नाही. रेघ बरोबर होती, अर्थ चुकीचा होता. तिने मेजरांना तीनदा बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना कळतंय ना काय म्हणायचंय, मग झालं."

समिती बसायला फार वेळ उरला नव्हता. जेवताना मी म्हटलं, "करून टाक सही. कंत्राट हातात पडू दे, मग काय शिकवायचं ते शिकव."

"माप चुकलेला शाफ्ट तुम्ही पुढे सोडला असता, बाबा?"

"तो शाफ्ट होता. हे चित्र आहे."

"या चित्रावरूनच खरेदी होते. उद्या रेडिओ घेताना कोणीतरी म्हणेल, वर बोलायची सोय पुढच्या टप्प्यात घेऊ, तुटकच तर आहे. मग तो टेहळ्या काय करेल? हाका मारेल?"

मी आमटी वाढून घेतली. आतून आवाज आला, "माझ्या खुब्यासाठी सही करू नकोस. आणि सही नाही केलीस तर माझ्यामुळे ऑपरेशन राहिलं असं तोंड करूनही हिंडू नकोस. मला काही घाई नाही."

"सकाळी मग कोण कण्हत होतं?" मी विचारलं.

"ते सवयीने."

पुढच्या दिवशी ती लॅपटॉपचा चार्जर घरी विसरली. मी बस धरून छावणीच्या फाटकाबाहेरच्या प्रशिक्षण केंद्रात गेलो. पहारेकऱ्याला मी व्हरांड्यात उभा राहिलेला चालेना, म्हणून त्याने मला वर्गातच मागच्या खुर्चीवर बसवलं.

आत धडा चालू होता. तिने प्रत्येकाच्या गळ्यात एकेक पुठ्ठा अडकवला होता. कोणी ताफ्याचा प्रमुख, कोणी रेडिओवाला, कोणी टेहळ्या. मेजरांच्या गळ्यात सेनापतीचा पुठ्ठा. चित्र भिंतीवर होतं.

"चित्रात जो बाण आहे, त्याच वाटेने चिठ्ठी द्यायची," ती म्हणाली. "तुटक असेल तर ती वाट अजून नाही. चौकटीत काय लिहिलंय ते बघा. सुरू करा."

टेहळ्याने चिठ्ठीवर लिहिलं, पूल तुटला. आणि चिठ्ठी हातात धरून उभा राहिला. मेजरांनी वरून हुकूम सोडला, पुढे चला. तो भराभर खाली आला. आणखी एक हुकूम आला, वेग वाढवा. टेहळ्याच्या हातात हुकमांची चळत झाली. त्याची स्वतःची चिठ्ठी तिथेच.

वर्ग ताटकळला. मेजरांनी आधी घड्याळ पाहिलं, मग छताकडे.

"ताफा कुठवर आला?" त्यांनी विचारलं.

सगळे भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले.

"अरे, मला कोणी काही सांगणार आहे की नाही?"

"साहेब, तुटक आहे," टेहळ्या म्हणाला. "ती सोय पुढच्या टप्प्यात."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मेजर हसले नाहीत. त्यांनी पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. वर्ग सुटल्यावर ते तिच्याजवळ आले. मी चार्जर घेऊन तिथेच होतो.

"मॅडम, सगळ्यांसमोर करायची गरज होती?"

"एकट्यात तीनदा सांगितलं होतं, साहेब."

ते निघून गेले. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. "गेलं कंत्राट," म्हणाली. मी समजूत काढली नाही. मलाही तसंच वाटत होतं.

सकाळी मेजरांनी चित्र पुन्हा पाठवलं. टेहळ्याकडून वर जाणारा बाण सलग, काळा, ठसठशीत. सोबत एक ओळ होती की सेनापतीचा चौकोन मात्र वरच राहील. तिने तो राहू दिला. चौकोन वर आहे की खाली, याने चौकटीला काही फरक पडत नाही. मग तिने सही केली.

समितीपुढे काय झालं ते तिने घरी आल्यावर बूट न काढताच सांगितलं. बाणाबद्दल एकानेही विचारलं नाही. ज्या एका बाणापायी तिने इतकी डोकेफोड केली, त्याच्यावरून सगळ्यांची नजर सरळ पुढे गेली. एकाला अक्षरं बारीक वाटली. एकाने रंग का नाहीत विचारलं. समितीतले सर्वांत वरिष्ठ बराच वेळ चित्र निरखून म्हणाले, "यात माझा चौकोन कुठे आहे?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, साहेब, तुम्ही चित्र बघणारे. चित्रातले नाही."

त्यांना तो मान वाटला. त्यांनी मंजुरी दिली. मेजरांच्या अभिप्रायात लिहिलं होतं, शिकवणं चोख, स्वभाव कडक.

कंत्राट मिळालं, पण पैसे वेळेवर आले नाहीत. ऑपरेशनची पहिली तारीख हुकली. तिने आणखी एक वर्ग घेतला, पुन्हा तेच वरून खाली येणारे बाण पाहिले, पुन्हा गळ्यात पुठ्ठे अडकवले. तिची आई तोवर कण्हत राहिली आणि विचारलं की "सवयीने" म्हणत राहिली.

शेवटी त्या कंत्राटाच्या पैशांतून नवा सांधा आला. डॉक्टरांनी नमुना माझ्या हातात दिला, तेव्हा मी त्या गोळ्यावरून नख फिरवून पाहिलं. फिनिश उत्तम होता, कुठे ओरखडा नाही. मुलीने इतक्या वर्गांत उभं राहून मिळवलेलं सगळं त्यात गेलं. आता बायको जिना एकटी उतरते आणि भाजीला मला पाठवत नाही. मी आणलेली भाजी तिला कधीच पसंत नव्हती.