सात निळी घरं

मावशीच्या पाळणाघरातला टीव्ही मी दुरुस्त केला आणि तिथेच घोळ घातला. चित्र दिसतंय का बघायला बातम्या लावल्या, त्या तशाच ठेवल्या आणि स्वतःवर खूश होऊन स्वयंपाकघरात चहा प्यायला गेलो. दूरच्या कुठल्याशा देशात समुद्र गावात घुसला होता. एक निळं घर काडेपेटीसारखं वाहत चाललं होतं.

कप घेऊन बाहेर आलो आणि थिजलोच. सगळी पोरं बूट घालून, पाठीला दप्तरं लावून दाराशी रांगेत उभी. पाळणाघर, आणि चिडीचूप!

"काय गं ठमे, स्वारी कुठे?"

"सात निळी घरं गेली," ठमी हळूच म्हणाली. "आता आपला नंबर येईल."

मावशीचं राज्य वर्षानुवर्षं नंबरावर चाललंय. दूध, झोपाळा, शू, अगदी तिच्या मांडीवर बसायलासुद्धा नंबर. पोरांना वाटलं, समुद्रही रांगेनेच घरं घेतो.

मागून आलेल्या मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "अक्कल गहाण टाकलीस का रे?" एवढंच मला म्हणाली, टीव्ही बंद केला आणि गुडघे धरत जमिनीवर बसली.

"ठमे, एक उडी मार. तू मोबाइलवर घे रे."

मग तीच उडी पोरांना परत परत दाखवली.

"किती उड्या मारल्यास?"

"एकच."

"घरही एकच गेलं. तेच तेच दाखवतात मेले."

"त्यातली माणसं?"

"मजेत—" मी तोंड उघडलं. मावशीने चिमटा काढला.

"काही वाचली, बाळा. काही नाही वाचली. फार वाईट झालं."

"मग आपला नंबर?"

"पाण्याकडे नंबर नसतो. समुद्र आपल्यापासून खूप लांब आहे. आणि इथे काही झालंच, तर मी तुम्हाला बाहेर काढीन."

"तुला तर जिनापण उतरता येत नाही."

"हा घोडा आहे ना!"

पोरांनी मला खालून वर न्याहाळलं. विश्वास बसल्यासारखा वाटला नाही. तरी दप्तरं खुंटीवर गेली, नंबराप्रमाणे. ठमी मात्र दप्तर छातीशी धरून उभीच.

"दादा, त्या निळ्या घराच्या खिडकीत मांजर होतं?"

"बघून सांगतो," मी म्हणालो. तेव्हा कुठे तिने बूट काढले.

अजून बघितलेलं नाही. मी गेलो की ती दारातच विचारते, "बघितलंस?"